असोसिएशनचा अंमल

पुण्यामुंबईकडचा मनुष्य आपल्या इमारतीच्या कारभाराला ‘सोसायटी’ म्हणतो. बेंगळुरूत आल्यावर त्याला ‘असोसिएशन’ म्हणावयास शिकावे लागते, आणि हा फरक निव्वळ बोलीचा आहे अशी जी त्याची समजूत असते, ती पहिल्या सर्वसाधारण सभेपलीकडे टिकत नाही. निवृत्तीनंतर पुण्याचे बिऱ्हाड आवरून मी मुलाकडे, या शहराच्या पूर्वेस चारशे घरांच्या एका संकुलात राहावयास आलो. सदनिका मुलाच्या नावे. पण सभेला बसण्याइतकी सवड त्याला नाही, म्हणून त्याचा मुखत्यार होऊन गेली सहा वर्षे मी तेथे मागच्या रांगेत बसत आलो आहे.

एकत्र येऊन घरे बांधण्याची कल्पना या शहराला नवी नव्हे. रावबहादूर तालमकी यांनी १९१५ साली मुंबईत गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली, हे आपण अभिमानाने सांगतो; पण तिच्याही सहा वर्षे आधी, १९०९ साली, म्हैसूर संस्थानातल्या याच नगरात ‘बँगलोर बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली होती, आणि देशातील पहिली गृहनिर्माण संस्था म्हणून तिचेच नाव घेतले जाते. आजच्या असोसिएशनचे कुलशील मात्र निराळे. ती १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायद्याची लेक. आपल्या सोसायटीत सभासदाचे घर लहान असो वा मोठे, त्याचे मत एक. येथे सदनिका ज्याची त्याच्या पूर्ण मालकीची, जमीन, जिने, गच्ची यांत त्याचा अविभाज्य हिस्सा, आणि नोंदणी झालेल्या घोषणापत्रात ज्याच्या नावे जेवढा टक्का लिहिला असेल तेवढे त्याच्या मताचे वजन व तेवढाच खर्चाचा बोजा. चार बेडरूमवाल्याने हात वर केला की तो दोन बेडरूमवाल्याच्या हातापेक्षा भारी ठरतो. आणि मासिक आकार भरावयाची वेळ आली की हाच भारी हात ‘लिफ्ट काय मी दुप्पट वापरतो?’ असे विचारीत पुन्हा वर होतो. आपल्याकडील अपार्टमेंट कायदाही याच वळणाचा असल्यामुळे पुण्यातील एका संकुलाच्या अशाच तंट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली हिश्श्याप्रमाणेच आकारणीचा निर्वाळा दिला. आमच्या सभेत त्याचे कात्रण दोन्ही पक्षांनी फडकावले.

परंतु असोसिएशनची खरी थोरवी सभागृहात कळत नाही, ती पाण्याच्या टाकीपाशी कळते. २००७ साली शहराच्या हद्दीत आलेल्या ११० खेड्यांपैकी एकाच्या शिवारात आमचे संकुल उभे आहे. सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून आणलेली कावेरी जुन्या शहरात नळाने खेळत होती, त्या काळात आम्ही कूपनलिका आणि टँकर यांच्यावर तगून होतो. २०२४ च्या मार्चात कूपनलिका आटल्या, पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला, आणि १२,००० लिटरच्या टँकरला पाच किलोमीटरपर्यंत १,००० रुपये हा दर सरकारला बांधून द्यावा लागला. त्या दिवसांत आमचे कोषाध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ, पहाटे तीन वाजता लुंगीवर स्वेटर चढवून फाटकापाशी उभे असत. टँकर आला की आधी त्याच्या नळीखाली पेला धरून त्यात क्षार मोजण्याची कांडी बुडवावयाची, आकडा जास्त आला तर गाडी परत. मग झाकण उघडवून विजेरीच्या उजेडात पाणी काठोकाठ आहे की चार बोटे खाली ते पाहावयाचे, आणि रेघी वहीत क्रमांक, वेळ, सही. स्वतंत्र बंगल्यात राहणारे माझे एक स्नेही त्याच महिन्यात टँकरवाल्याच्या दारी आर्जवे करीत होते. कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे, दिवसाला ७७.५ कोटी लिटरांचे पाणी त्या खेड्यांसाठी ऑक्टोबरात सुरू झाले. तोवर आम्हांला जगवले ते त्या वहीने.

सांडपाण्याचे शुद्धीकरण करून तेच पाणी शौचकुपांना आणि बागेला फिरवावयाचे, ओला, सुका व टाकाऊ असा तिहेरी कचरा घरोघर वेगळा करवून घ्यावयाचा, ही जी कामे अन्यत्र नगरपालिका करते (किंवा करीत नाही), तीही येथे शेजाऱ्याच्याच शिरावर आहेत. त्याचे मोल अर्थातच मोजावे लागते. मासिक वर्गणी ७,५०० रुपयांपुढे गेली आणि असोसिएशनची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली, की १८ टक्के जीएसटीही माथी बसतो. थकबाकीचा बोजा कायद्याने सदनिकेवरच चढतो. अमेरिकेत तर अनेक राज्यांत अशा थकबाकीपायी घराचा लिलाव होऊ शकतो, हे ऐकून आमच्या थकबाकीदारांनी मान डोलावली, पण पैसे भरले नाहीत.

पैशाहून मला डाचते ते दुसरेच. ज्याच्या हाती पाणी, त्याच्या हाती हळूहळू फर्मानेही येतात. अविवाहित भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणा नको. कुत्रा लिफ्टमध्ये नको. वास्तविक बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने कधीच बजावले आहे. पण कुत्र्यांना निदान एक मंडळ तरी आहे.

आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाई बीदरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. दोन घरांच्या कामांमध्ये त्यांना तासाभराची फुरसत असते, ती त्या बागेतल्या बाकावर काढीत. एक दिवस त्या जिन्याच्या पायरीवर डबा उघडून बसलेल्या दिसल्या.

‘‘येथे का हो?’’

‘‘बाकावर कामवाल्यांनी बसायचं नाही म्हणून कागद लावलाय, काका. बाक रिकामंच हाय की.’’

मी जाऊन तो कागद वाचला. खाली सही कोषाध्यक्षांची, टँकरच्या वहीत रोज पाहिलेली, तीच ठसठशीत, तारखेसह. त्यांना विचारले तर ते शांतपणे म्हणाले, ‘‘सर, मालकांच्या तीन तक्रारी लेखी आल्या. कामवाल्यांची एकही आली नाही.’’ हिशेब चोख होता.

म्हणून मुलाच्या सहीने मी लेखी ठराव दिला, आणि तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर छापूनही आला. सभा कोरमअभावी शिरस्त्याप्रमाणे अर्धा तास तहकूब होऊन पुन्हा भरली. दुसरा विषय जनित्राच्या डिझेलचा, तिसरा आणि चौथा रंगकामाचा. पाचव्यावर वाहनतळातल्या एका खांबावरून तासभर वाद झाला. सहावा विषय निघाला तेव्हा पावणेदोन वाजले होते, आणि मागून कोणीतरी जेवण गार होत असल्याचे सांगितले.