जुन्या संगणकाला नवा एसएमपीएस

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने एकमेकांना लागून आहेत. शाळेतला जुना संगणक बंद पडला आणि दोष वीजपुरवठ्याच्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये निघाला, तर तिथे पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा देऊ?" वॅट जास्त तेवढा चांगला, असे आपण सहज धरून चालतो. जुन्या संगणकाबाबत तेवढे पुरत नाही. का, ते पाहू या.

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती धारा असते. संगणकाला मात्र ३.३, ५ आणि १२ व्होल्टची दिष्ट धारा लागते. साध्या रोहित्राने व्होल्टेज उतरवता येते, पण ५० हर्ट्झला त्याचा लोखंडी गाभा बराच जड होतो. एसएमपीएस आधी विजेची सुमारे ३२५ व्होल्टची दिष्ट धारा करतो आणि मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वारंवारता वाढली की प्रत्येक फेरीत गाभ्यातून थोडीच ऊर्जा पुढे न्यावी लागते, म्हणून रोहित्र मुठीत मावते.

आता वॅटकडे वळू. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. समजा, जुन्या २५० वॅटच्या पेटीवर '५ व्होल्ट, २५ अँपिअर' असे छापले आहे. म्हणजे ५ व्होल्टच्या तारेवर १२५ वॅट मिळू शकतात. नव्या ४५० वॅटच्या पेटीवर त्याच जागी '१५ अँपिअर' असेल, तर मिळतील फक्त ७५. उरलेली बहुतेक शक्ती १२ व्होल्टच्या तारेवर असते. पेंटियम ४ सन २००० मध्ये आला, तेव्हापासून प्रोसेसरला १२ व्होल्टवरून वीज देण्याची पद्धत रूढ होत गेली. त्याआधीचे अनेक संगणक ५ व्होल्टवर जास्त अवलंबून होते. म्हणून पेटीवरचा तक्ता ओळीओळीने वाचावा. ३.३ आणि ५ व्होल्टची मिळून वेगळी मर्यादा दिलेली असते, तीही पाहावी.

दुसरी गोष्ट जोडणीची. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स रचना आणली. तिचा मुख्य प्लग आधी २० पिनांचा होता, पुढे २४ पिनांचा झाला. अनेक नव्या पेट्यांत त्यातल्या चार पिना सुट्या करता येतात. एटीएक्सच्या आधीच्या एटी संगणकात दोन प्लग शेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींजवळ याव्यात, उलटे बसवले तर बोर्ड जळू शकतो. काही कंपन्यांनी एटीएक्ससारख्या दिसणाऱ्या प्लगमध्ये तारांचा क्रम बदललेला होता. त्यामुळे केवळ प्लग बसला म्हणून निर्धास्त होऊ नये, तारांचे रंग जुन्या प्लगशी ताडून पाहावेत.

आणखी एक अडचण आहे. जुन्या आयएसए कार्डांच्या खाचेत उणे ५ व्होल्टचीही सोय असे. पुढच्या एटीएक्स पेट्यांतून ती काढून टाकली गेली. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड अशाच प्रकारच्या संगणकांत बसवून देवनागरीत काम होई. एखाद्या शाळेचे जुने दाखले किंवा प्रश्नपत्रिका अशा संगणकात अडकल्या असतील, तर कार्डाला उणे ५ व्होल्ट लागतात का, हे आधी तपासावे. संगणक सुरू होताच पहिले काम म्हणजे त्या माहितीची दुसरी प्रत काढणे.

वीज जोडण्यापूर्वी पेटीच्या मागचा लाल खटका, असल्यास, २३० वर आहे ना, ते पाहावे. तो ११५ वर राहिला, तर पेटी क्षणात जाते. संगणक सुरू झाल्यावर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. पाच टक्के फरक चालतो, म्हणजे ५ व्होल्टच्या जागी ४.७५ ते ५.२५ आणि १२ व्होल्टच्या जागी ११.४ ते १२.६.

हे मोजमाप विद्यार्थ्यांकडून शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घेता येईल. पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार काही काळ राहू शकतो, आणि तो जीवघेणा असतो.