क्लीनरच्या सीटवरून स्टिअरिंगपर्यंत : जड वाहनाचे लायसन्स कसे काढावे?

आपल्या वस्त्यांमधले, गावांमधले अनेक तरुण ट्रकवर क्लीनर म्हणून चढतात. टायर बदलणे, ताडपत्री बांधणे, रात्री मालाची राखण करणे ही कामे वर्षानुवर्षे करतात. उस्तादाच्या हाताखाली गाडीही शिकतात. हात तयार होतो, पण कागद तयार नसतो. मग मालक म्हणतो, "चालव रे, लायसन्स नंतर काढू." अपघात झाला की मालक बाजूला होतो, विमा कंपनी हात वर करते आणि पोलीस ठाण्यात आपला पोरगा एकटा उभा राहतो. ही वेळ येऊ नये म्हणून लांब पल्ल्याच्या ट्रकचा चालक होण्याच्या पायऱ्या आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

पहिली पायरी : हलक्या वाहनाचे लायसन्स

थेट ट्रकचे लायसन्स कोणालाही मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार आधी हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स लागते. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे. अर्ज 'सारथी' पोर्टलवर करायचा. वाहतुकीच्या नियमांची आणि चिन्हांची परीक्षा दिली की शिकाऊ लायसन्स मिळते. त्याची मुदत ६ महिने असते. ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते.

दुसरी पायरी : एक वर्ष आणि वयाची २० वर्षे

हलक्या वाहनाचे पक्के लायसन्स किमान १ वर्ष जुने झाल्याशिवाय जड वाहनाचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही. शिवाय वय २० पूर्ण होण्याआधी सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही परिवहन वाहन चालवता येत नाही. म्हणजे ज्याने अठराव्या वर्षी सुरुवात केली, त्याचा वेळ वाया जात नाही. ज्याने विसाव्या वर्षी केली, त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागते.

या काळात घरी बसायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवता येते. त्यामुळे वयाची २० वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला छोटा टेम्पो किंवा पिकअप कायदेशीरपणे चालवून कमाई आणि अनुभव दोन्ही मिळवता येतात. १२,००० किलोच्या वरचा ट्रक मात्र जड माल वाहनातच मोडतो.

तिसरी पायरी : जड वाहनाचे प्रशिक्षण

आता जड वाहनाचे शिकाऊ लायसन्स काढायचे. डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागते. डोळ्यांची तपासणी आधीच करून घ्यावी. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्र (नमुना ५) लागते. मग आरटीओची चाचणी, आणि आधीच्या लायसन्सवर जड वाहनाची नोंद.

२०२१ च्या नियमांनुसार अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रे हा दुसरा मार्ग आहे. तेथे जड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तो पूर्ण केल्यावर आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. पैसे भरण्याआधी केंद्राची मान्यता आरटीओत विचारून घ्या.

शिक्षणाची अट आहे का? पूर्वी परिवहन वाहनासाठी आठवी पास असावे लागे. ही अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. ती दाखवून कोणी एजंट जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. सरकारी फी काही शे रुपयांतच असते. प्रत्येक रकमेची पावती घ्या. वाट सर्वांसाठी एकच आहे, मुलींनाही कायद्याने आडकाठी नाही.

लायसन्स हातात आल्यावर

परिवहन वाहनाच्या लायसन्सची मुदत ५ वर्षे असते. गॅस, रसायने, इंधन असा धोकादायक माल नेण्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. त्याची मुदत ३ वर्षे असते.

लायसन्सशिवाय वाहन चालवल्यास चालकाला ५,००० रुपये दंड आहे आणि तसे चालवू देणाऱ्या मालकालाही. जादा माल भरल्यास किमान २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. म्हणून गाडी हलवण्याआधी वजनाची पावती, विमा, फिटनेस, परमिट आणि ई-वे बिल स्वतः पाहा. मूळ लायसन्स मालकाकडे ठेवायला देऊ नका. उचल किती घेतली, फेरीचा भत्ता किती ठरला, हे वहीत लिहून ठेवा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण देणारा पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेतून सुरू करा.

झोप आणि दारू हे या धंद्यातले दोन शत्रू. कामाच्या तासांवर मर्यादा हा हक्क आहे. मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारांच्या तासांचा प्रश्न सरकारात लावून धरला होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेही दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग दोन रात्री गाडी हाकायला सांगणाऱ्या मालकाला नाही म्हणणे म्हणजे कामचुकारपणा नव्हे. आणि पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात म्हणतो, ते स्टिअरिंगवर पाळायचे असते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

जयंतीच्या मंडपावर आपण वर्गणी काढतो. त्याच शिस्तीने प्रत्येक विहारात रविवारी दोन तास लायसन्सचे अर्ज भरून देण्याचे काम सुरू करता येईल. एक मोबाइल, एक जाणकार आणि कागदपत्रांची यादी एवढे पुरे. वस्तीत कोण अठरा वर्षांचा झाला, कोणाचे हलके लायसन्स एक वर्षाचे झाले, कोणाची मुदत संपत आली, याची वही ठेवा. प्रशिक्षणासाठी बार्टीकडे आणि पुढे स्वतःच्या गाडीसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे सध्या कोणत्या योजना चालू आहेत, हे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा. नवबौद्ध तरुणांनी जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. ऐनवेळी तोच अडतो.

आपला तरुण ट्रक चालवतोच आहे. तो स्वतःच्या नावाच्या लायसन्सवर, ठरलेल्या पगारावर आणि ताठ मानेने चालवावा, एवढेच आमचे म्हणणे.

जय भीम!