उबेचा जमाखर्च

कोकणातल्या माणसाला विजेवर तापणाऱ्या जॅकेटाची गरज ती काय, असा प्रश्न कोणीही करील, आणि तो भाद्रपदाच्या दमट दुपारी पोशीर किंवा खालापुरात केला तर ऐकणारा त्याला मान डोलावून दुजोराही देईल. परंतु पौष-माघातल्या पहाटे पोशीरहून दुचाकीवर निघून नेरळची गाडी गाठणाऱ्या चाकरमान्याला नदीकाठच्या त्या खोलगट भागात रात्रभर साचलेला गारवा पुरता परिचित असतो. आणि त्याहून कितीतरी कडक, बारमाही, ऋतुमानाची मुळीच पर्वा न बाळगणारी थंडी याच रायगड जिल्ह्यात माणसाने स्वहस्ते निर्माण करून ठेवली आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी जाणारी कोळंबी व मासळी गोठवणारे कारखाने आहेत, न्हावा-शेवा बंदराच्या आश्रयाने शीतगृहे उभी आहेत, आणि गोठवलेल्या अन्नासाठी सर्वमान्य झालेले उणे १८ अंश सेल्सिअस हे तपमान तेथे ऐन वैशाखातही ढळू दिले जात नाही. बाहेर पस्तीस अंश, आत उणे अठरा, आणि मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा एक पडदा, अशा त्रेपन्न अंशांच्या उंबरठ्यावरून पाळीभर ये-जा करणाऱ्या लोडरच्या आणि फोर्कलिफ्ट चालकाच्या अंगावर आता क्वचित ही तापणारी जॅकेटे दिसू लागली असतील, तर त्यात नवल काही नाही.

जॅकेटाची रचना साधी आहे. अस्तराच्या आत छातीवर दोन आणि पाठीवर एक अशा कार्बन तंतूंच्या पातळ गाद्या शिवलेल्या असतात, छातीवरच्या एका बटणात लाल, पांढरा आणि निळा दिवा आळीपाळीने लागून उष्णतेच्या तीन पायऱ्या दाखवतो, आणि आतल्या खिशात साबणाच्या वडीएवढी बॅटरी बसते. ती उघडली तर आत बहुधा बोटाहून जाड असे चार दंडगोल घट आढळतात, प्रत्येक १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. त्यांच्या माथ्यावर एक चिंचोळी हिरवी पट्टी असते, आणि घट फार भरू नये वा फार रिकामा होऊ नये याची जबाबदारी तिच्याकडे असते. प्रत्येक घट २६०० मिलिअँपिअर-तासांचा धरला आणि दोन-दोनांच्या जोड्या एकापुढे एक जोडल्या, तर ७.४ व्होल्ट गुणिले ५.२ अँपिअर-तास म्हणजे सुमारे साडेअडतीस वॅट-तास एवढी ऊर्जा हाती येते. जॅकेट लाल दिव्यावर १० वॅट घेत असेल तर ती पावणेचार तासांत संपेल, पांढऱ्यावर ६ वॅट घेत असेल तर साडेसहा तासांच्या आत, आणि निळ्यावर साडेतीन वॅट घेत असेल तर अकरा तास पुरेल. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘दहा तास’ हे शब्द कोणत्या दिव्याला उद्देशून आहेत हे आता निराळे सांगावयास नको.

विजेने तापणारा पोशाख ही कल्पना मात्र नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उघड्या विमानांतून उडणाऱ्या वैमानिकांसाठी तसे पोशाख झाले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात उणे चाळीस अंशांत तासन्तास उडणाऱ्या बाँबफेकी विमानांतील सैनिकांनी ते सर्रास वापरले. परंतु त्यांची तार विमानाच्या जनित्राला जोडलेली असे, त्यामुळे उबेचा मालक विमानापासून चार हात दूर जाऊ शकत नसे. वीज निर्माण करणे एक आणि ती खिशात घालून हिंडणे दुसरे, हा भेद कर्जत-खालापूरच्या लोकांना समजावण्याची गरज पडू नये. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ साली मुंबईला वीज दिली, भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले, आणि त्याच भिवपुरीत उताराला आलेले पाणी पुन्हा वर चढवून ऊर्जा साठवणारा १००० मेगावॅटचा प्रकल्प उभारण्याचा करार टाटा पॉवरने राज्य शासनाशी २०२३ साली केला. म्हणजे निर्मितीचा प्रश्न सुटल्यानंतर शतकभराने साठवणीचा प्रश्न त्याच घाटाखाली पुन्हा उभा आहे. आकड्यांत बोलायचे तर सुमारे ५०० मीटर उंचीवरून कोसळणारे एक लिटर पाणी सव्वा-दीड वॅट-तासांच्या दरम्यान ऊर्जा देते, आणि वाटेतली सगळी घट-तूट धरूनही आपल्या जॅकेटाची बॅटरी एकदा भरायला चाळीसेक लिटर पाणी घाटावरून उतरले की काम भागते. तेवढी ऊर्जा शिशाच्या जुन्या बॅटरीत साठवायची तर किलोभराहून अधिक ओझे पाठीवर वागवावे लागले असते. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणले आणि तेच काम दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमांत होऊ लागले. ज्यांच्या संशोधनातून हा घट साकारला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशा अनेक खिशांतल्या ऊर्जेबद्दलच होते.

आता खरा पेच असा की, ज्या स्थळी या बॅटरीची सर्वाधिक गरज, तेच स्थळ तिला सर्वांत कमी मानवते. लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ज्या द्रवातून जातात, त्याचा एक प्रमुख घटक एथिलीन कार्बोनेट हा आहे, आणि तो निव्वळ स्वरूपात ३६ अंशांच्या आसपासच घट्ट होतो. म्हणून त्यात दुसरी पातळ कार्बोनेटे मिसळून तो प्रवाही ठेवावा लागतो. तपमान उतरले की हे मिश्रण दाटते, आयनांची चाल मंदावते, द्रवातून सुटून ध्रुवाच्या आत शिरताना त्यांना होणारा विरोध तर त्याहून झपाट्याने वाढतो, आणि या सर्वांचा परिणाम म्हणून घटाचा अंतर्गत रोध चढून त्याचे व्होल्टेज भाराखाली एकदम खाली बसते. हिरव्या पट्टीला कारण कळत नाही, तिला केवळ व्होल्टेज दिसते. ठरलेल्या मर्यादेखाली ते गेले की ती प्रवाह तोडते आणि दिवा विझतो. ऐवज खजिन्यात शाबूत असतो, खजिनदार मात्र हात आखडता घेतो, असा हा प्रकार आहे. उणे २० अंशांपर्यंत गार झालेल्या सामान्य घटातून, त्याच्या घडणीनुसार आणि मागणीनुसार, नेहमीच्या ऊर्जेच्या अर्धी ते तीन-चतुर्थांश एवढीच हाती येते, आणि तोच घट उबेत आणला की संपलेली म्हणून बाजूला ठेवलेली बॅटरी पुन्हा जिवंत होते. हिमालयात जाणारे गिर्यारोहक कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री झोपपिशवीत घेऊन निजतात ते याच कारणाने. सबब, जॅकेटाच्या बाहेरच्या खिशात बॅटरी ठेवण्याची सोय ज्या शिंप्याने केली त्याने गिऱ्हाइकाच्या हातांची सोय पाहिली, बॅटरीची नव्हे. तिची जागा आत, स्वेटर आणि अस्तर यांच्या मध्ये, जेथे शरीराची ऊब तिला विनामूल्य मिळते.

स्वस्त जॅकेटांत आणखी एक गोम असते. भरलेल्या जोडीचे व्होल्टेज ८.४ असते आणि रिकामी होताना ते ६ पर्यंत उतरते. मध्ये नियंत्रक मंडल नसेल तर गादीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जाते, आणि सहाचा वर्ग हा ८.४ च्या वर्गाच्या जेमतेम निम्माच भरतो. म्हणजे पाळीच्या शेवटी दिवा लालच राहतो, ऊब अर्ध्यावर येते, आणि कामगाराला वाटते की आपलीच थंडी वाढली. पॉवर बँकेवर चालणाऱ्या जॅकेटांची तऱ्हा निराळी: तिच्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचा असून जॅकेटाला ५ व्होल्ट लागतात, आणि या रूपांतरातली गळती वजा जाता ३७ वॅट-तासांतले बत्तीस-तेहतीसच पदरात पडतात. मिलिअँपिअर-तास हे माप व्होल्टेज सांगितल्यावाचून अपुरे आहे, हे विक्रेत्याला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला असत नाही, आणि या अज्ञानावर बराच व्यापार चालतो असे माझे स्पष्ट मत आहे.

पण बॅटरीच्या आयुष्याचा सर्वांत मोठा निर्णय बॅटरीत होतच नाही, तो कापडात होतो. कपड्यांची उष्णतारोधकता मोजण्यासाठी १९४१ साली शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे माप सुचवले. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढा पोशाख म्हणजे एक क्लो. उणे १८ अंशांच्या शीतगृहात एखाद्याच्या अंगावर दोन क्लोचे आवरण आहे असे धरा. त्वचा ३३ अंशांवर, म्हणजे आतबाहेर ५१ अंशांचे अंतर. शरीराचे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरांच्या किंचित आत. या हिशेबाने कपड्यांतून दर क्षणी सुमारे २८० वॅट उष्णता निसटते. आता त्यावर पाव क्लोचा एक पातळ स्वेटर चढवा, आणि हा आकडा २५० च्या खाली येतो. म्हणजे लाल दिव्यावर धापा टाकणारी बॅटरी जेथे १० वॅटची भर घालते, तेथे ट्रंकेतला जुना स्वेटर तिच्या तिप्पट गळती थांबवतो, तेही पाळीभर, आणि चार्जरवाचून. साडेअडतीस वॅट-तास म्हणजे आहाराच्या भाषेत अवघे ३३ किलोकॅलरी. नऊ-दहा ग्रॅम तांदळाच्या पिठात तेवढी ऊर्जा असते, आणि साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी अशा सहा बॅटऱ्यांचा ऐवज पोटात घालते, ज्यातला बहुतांश शेवटी अंगाची ऊब म्हणूनच प्रकट होतो.

तर मग हे जॅकेट निरर्थकच म्हणायचे काय? तसे नाही. ओझी उचलणारा लोडर दोन-तीनशे वॅट उष्णता स्वतःच उत्पन्न करतो, त्याला या दहा वॅटांचे अप्रूप नाही, उलट घाम आल्यास ओले अस्तर त्याला अधिकच गारठवते. परंतु फोर्कलिफ्टवर एका जागी बसून पॅलेट उचलणाऱ्या चालकाचे शरीर त्याच्या मानाने फारच थोडी उष्णता निर्माण करते. धड थंड पडू लागले की मेंदू प्रथम हातापायांचा रक्तपुरवठा आवळतो आणि आतल्या इंद्रियांचे रक्षण करतो. छातीपाठीला ऊब मिळाली की ही आवळलेली रक्तवाहिनी सैल होते आणि बोटांत पुन्हा रक्त उतरते. ज्याच्या बोटांवर लोखंडी काट्यांची हालचाल आणि शेजारी उभ्या माणसाचा जीव अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत दहा वॅटांची किंमत वॅटांत करून चालत नाही. दुचाकीस्वारालाही त्याचा उपयोग होतो, मात्र वर वारा अडवणारे आवरण असेल तरच. तसे नसेल तर कपड्यांतली उबदार हवा वाऱ्यासवे मागच्या मागे कर्जत-नेरळ रस्त्यावर सांडत जाते.

युरोप-अमेरिकेतल्या माहितीपत्रकांत जी अडचण क्वचितच आढळते, ती आपल्या हवेची आहे. उणे अठरा अंशांतून निघालेले जॅकेट श्रावणातल्या तळोज्याच्या दमट हवेत आले की क्षणार्धात त्यावर दव धरते. कापडावर, अस्तरावर आणि बॅटरीच्या धातूच्या तोंडावरही. ओल्या तोंडात चार्जरची पीन घातली की प्रथम हिरवट गंज येतो, मग संपर्क सुटू लागतो, आणि बॅटरी निकामी झाली असे समजून ती टाकून दिली जाते. गार बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे याहूनही घातक, कारण शून्य अंशाखाली विद्युतप्रवाह रेटला की लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातुरूपाने जमतो. यात क्षमता कायमची जाते, आणि तो धातू वाढत जाऊन दोन ध्रुवांना भिडला तर आगीचा धोका संभवतो. बॅटरी कापडाने पुसावी, अर्धा-पाऊण तास खोलीच्या तपमानात राहू द्यावी, आणि मगच चार्जरला लावावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

पोशीरच्या चाकरमान्याची अडचण वेगळी आहे. त्याचे जॅकेट महिना-दीड महिना अंगावर आणि उरलेले वर्ष ट्रंकेत असते. पूर्ण भरलेली बॅटरी चैत्र-वैशाखाच्या उष्म्यात पडून राहिली तर वापराविनाच म्हातारी होते, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर हळूहळू आणखी उतरत इतकी खाली जाते की हिरवी पट्टी तिला पुन्हा भरू देत नाही. साधारण अर्धी भरून, जॅकेटापासून सोडवून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. पुढच्या पौषात ती कामाला येते.

विकत घेणाऱ्याने खोक्यावरचे तास वाचू नयेत, बॅटरीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेले वॅट-तास वाचावेत, आणि तेवढ्यासाठी पैसे मोजावेत. शीतगृहांच्या मालकांना आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदारांना मात्र एक विनंती वेगळी करावीशी वाटते. जॅकेट कामगाराने आपल्या पगारातून घ्यावे आणि त्याची बॅटरी त्याने घरून भरून आणावी, ही रीत सोडावी. फोर्कलिफ्टची बॅटरी जशी आस्थापनेच्या खर्चाने भरली जाते, तशी चालकाचीही भरली जावी, त्यासाठी विश्रांतिकक्षात कोरड्या जागी चार्जिंगचा एक फळा लावावा, आणि प्रत्येक माणसामागे एक नव्हे, दोन बॅटऱ्या द्याव्यात.