आधी कॉम्प्युटरला विचारा

काका २०२१ मध्ये गेले. त्यांचा कॉम्प्युटर मात्र इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात, बैठकीच्या कोपऱ्यात, अजून चालू आहे. २०१२ मध्ये एकेक भाग आणून त्यांनी तो स्वतः जोडला होता. त्यावर लिनक्स मिंट. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "खिडक्या भिंतीला शोभतात, कॉम्प्युटरला नाही." काकूंची बिलं, आजीच्या जुन्या फोटोंचे स्कॅन, सगळं त्यावरच व्हायचं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती काकांची मुलगी सई अ‍ॅनिमेशनच्या क्लासला जायला लागल्यावर. तिथे ब्लेंडर शिकवतात. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लिनक्सवर छान चालतं. पण आमच्याकडे ते उघडेचना. ग्राफिक्स कार्ड चालणार नाही, असा निरोप देऊन बंद व्हायचं. घरात लगेच निकाल लागला: जुना डबा आहे, भंगारात द्या आणि लॅपटॉप घ्या. क्लासची फी नुकतीच भरलेली. लॅपटॉपचे साठ-सत्तर हजार काकूंना झेपणारे नव्हते. आणि सई तर 'भंगार' शब्द ऐकूनच उठून आत गेली.

मग मी पुढे झालो. मी शिकलोय कॉमर्स, पण घरातल्यांचे फोन दुरुस्त करून देतो म्हणून माझा थोडा दबदबा आहे. "फक्त कार्ड बदलायचं. एक जीबीचं आहे, आठ जीबीचं टाकू," असं मी ठोकून दिलं. काकूंनी कपाटातून साडेसहा हजार काढून दिले. मी एक जुनं पण दणकट कार्ड विकत आणलं, कॅबिनेट उघडलं आणि तिथेच थांबलो. कार्डाला वरून वीज देणारी आठ पिनांची वायर लागत होती. आमच्या एसएमपीएसला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याला, तसली वायरच नव्हती.

त्याहून लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. काकांच्या अक्षरात सगळं लिहिलेलं: प्रोसेसर, बोर्ड, रॅम चारची आठ जीबी केल्याची तारीख, एसएमपीएस ४५० वॅट आणि त्यापुढे, "कार्डाची वेगळी वायर नाही." पैसे देण्याआधी चार स्क्रू काढले असते तर हे कळलं असतं. ते कार्ड परत विकताना दीड हजारांचा खड्डा पडला. काकू काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी मात्र मी क्रमानं गेलो. तो क्रम तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिलं काम, आत्ता काय आहे ते ओळखणं. लिनक्सवर टर्मिनल उघडा, 'एलएसपीसीआय' ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टाइप करा, एक जागा सोडून आडवी रेघ आणि लगेच 'के', मग एंटर. बोर्डाला जोडलेल्या भागांची यादी येते. त्यात 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर' अशी ओळ शोधा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर कधीकधी 'थ्रीडी कंट्रोलर' अशी आणखी एक ओळ असते. आमच्याकडे उत्तर आलं: एनव्हिडिया, जीटी २१८, जीफोर्स २१०. यातलं जीटी २१८ हे चिपचं नाव आणि जीफोर्स २१० हे बाजारातलं. ही चिप २००९ची. आम्ही मात्र इतकी वर्षं तिला 'एक जीबीचं कार्ड' एवढंच म्हणत होतो. म्हणजे माणसाची ओळख विचारली तर त्याच्या पिशवीचं माप सांगावं, तसं!

त्याच यादीत खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' असतं. आमच्याकडे तिथे 'नुव्हो' होतं. कंपनीच्या मदतीशिवाय, कार्डाच्या वागण्यावरून अंदाज बांधत बाहेरच्या लोकांनी लिहिलेला हा मुक्त ड्रायव्हर. इतक्या जुन्या चिपसाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर केव्हाच बंद झालाय.

दुसरी आज्ञा 'जीएलएक्सइन्फो', तिच्यापुढे आडवी रेघ आणि मोठं 'बी'. ती नसेल तर 'मेसा-युटिल्स' हे पॅकेज टाकावं लागतं. चित्र काढण्याचं काम खरंच कोण करतंय, ते इथे कळतं. 'एलएलव्हीएमपाइप' असं दिसलं तर कार्ड नुसतंच बसलंय आणि काम बिचारा प्रोसेसर करतोय, असं समजा. तेव्हा नवं कार्ड घेण्याआधी ड्रायव्हर तपासा, कदाचित एक पैसाही लागणार नाही.

आमचं कार्ड काम करत होतं, पण ओपनजीएल ३.३ पर्यंतच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ब्लेंडर ४.० पासून किमान ४.३ लागतं. म्हणजे बिघाड नव्हता. कार्डाचं वय झालं होतं, इतकंच. बाकीचा कॉम्प्युटर ठणठणीत होता.

आता नवं काय घ्यायचं? बोर्डाच्या लांब खाचेतून, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर एसएमपीएसपासून वेगळी वायर लागते. आमच्याकडे ती नाही, तेव्हा ७५ वॅटच्या आतलं कार्ड हवं. असं एक म्हणजे जीफोर्स जीटीएक्स १६५०, चार जीबीचं. पण यातही काही मॉडेलना सहा पिनांची वायर लागते, त्यामुळे फोटो नीट पाहून बिनवायरचं निवडलं. एएमडीचं कार्ड घेतलं तर एक सोय असते: त्याचा मुक्त ड्रायव्हर बहुधा लिनक्समध्ये आधीच असतो. आम्हाला ब्लेंडरचं रेंडरिंग या बजेटमध्ये कार्डावर करायचं होतं, म्हणून एनव्हिडियाच बरं पडलं. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये साधारणपणे चालतं, फक्त वेग थोडा कमी मिळतो. तरी जुन्या बोर्डाची खात्री नको म्हणून सई आणि मी कॅबिनेटच मांडीवर घेऊन रिक्षानं दुकानात गेलो. तिथे कार्ड लावून पडद्यावर चित्र आलेलं पाहिलं, मगच पैसे दिले.

घरी येऊन लावलं तर पडदा काळा! क्षणभर पोटात गोळा आला. आमच्या मॉनिटरला फक्त जुनी व्हीजीए खाच आहे आणि नव्या कार्डाला ती नसते, म्हणून मी वायर सवयीनं बोर्डाच्याच खाचेत लावली होती. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर आणला, वायर कार्डाला जोडली आणि मिंटचा हिरवा लोगो दिसला. मग ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन शिफारस केलेला ड्रायव्हर निवडला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा दिल्यावर कार्डाचं नाव, मेमरी आणि तापमान समोर आलं. शेवटी ब्लेंडरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये कुडा निवडलं, म्हणजे रेंडरिंगला कार्ड वापरलं जातं.

कार्ड बदलताना एवढं पाळा: प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबा म्हणजे उरलीसुरली वीज जाते, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाचा खटका सोडा. मी दोन्ही वेळा तो विसरलो होतो, सईनं हात धरला.

ब्लेंडर शिकणारी मंडळी सुरुवातीला डोनट बनवतात म्हणे. सईनं जिलबी बनवली. पाक चमकतोय, खाली पोह्यांची प्लेट. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "शेव राहिली."

झाकण लावण्याआधी सईनं पेन मागितलं. काकांच्या यादीखाली रिकाम्या जागेत तिनं नव्या कार्डाचं नाव, वॅट आणि तारीख लिहिली. पुढच्या वेळी जो कुणी झाकण उघडेल, त्याला माझ्यासारखे दीड हजार मोजावे लागणार नाहीत.