गंजात काय शिजलंय?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर केळझर येतं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं या भागात मानतात. बकासुराला रोज गाडाभर अन्न लागे आणि ते पोचवायला निघालेल्या भीमानं स्वतःच त्यावर ताव मारला, ही गोष्ट इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. दोघांपैकी पैसे कुणीच मोजले नाहीत. आज त्याच परिसरात शंभराच्या एका नोटेत दुपारचं जेवण उरकून संध्याकाळच्या चहापुरते पैसे उरवायचे, हा हिशेब पुष्कळांना रोज करावा लागतो. कापूस घेऊन बाजार समितीत आलेला शेतकरी, फेरफारासाठी तहसीलीत खेटे घालणारी माणसं, वर्ध्याहून अपडाऊन करणारे कर्मचारी, खेड्यांतून कॉलेजला येणारी पोरं. तालुक्याच्या गावात बाहेर खाणं ही बहुतेकांची हौस नसते. घर लांब असतं आणि पोटात कावळे ओरडत असतात, एवढंच.

अशा वेळी माणूस आधी दरपत्रक बघतो. माझ्या मते तिथेच गणित चुकतं. आधी बघायचं ते गंजात काय शिजलंय ते. गंज म्हणजे आपल्याकडचं ते उभट, मोठं पातेलं. हॉटेलवाल्यानं सकाळी एकदाच शेगडी पेटवून शंभर माणसांसाठी जे करून ठेवलंय, ते त्याला स्वस्त पडतं आणि म्हणून तुम्हालाही. तुम्ही बसल्यावर तुमच्यासाठी वेगळी कढई चढवावी लागली, की १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा गॅस, आचाऱ्याची दहा मिनिटं आणि वर बटर-काजूचा थाट असं सगळं तुमच्या एकट्याच्या बिलात येतं. पनीरची भाजी मागवणाऱ्याला वाटतं, आपण पनीरचे पैसे देतोय. खरं तर तो वेगळ्या शेगडीचे पैसे देत असतो. कांदा-टमाट्याची ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी सकाळीच करून ठेवलेली असते. शेवभाजी काय, काजूकरी काय, पाया तोच.

गंजातल्या खाण्याचा विदर्भातला राजा म्हणजे हरभरा. सकाळच्या तर्री-पोह्यांपासून बघा. पोह्यांवर जो लालभडक रस्सा पडतो त्यात हरभरा असतो. समोसा फोडून त्यावर ओततात तो चण्याचा रस्सा. आलूबोंड्याचं आवरण बेसनाचं, भजी बेसनाची, झुणका बेसनाचा, पाटोडी बेसनाची, आणि शेवभाजीतली शेवसुद्धा बेसनाचीच. थोडं थांबून बघितलं तर यात मोठी अक्कल आहे. टमाटे कधी दहा रुपये किलो तर कधी शंभर; पालेभाजी उन्हाळ्यात दुपारपर्यंत मान टाकते. हरभरा आणि बेसन मात्र पोत्यात महिनोन्महिने राहतं, नासत नाही, आणि भाजीच्या मानानं त्याचा भाव शांत असतो. शिवाय तो इथलाच. सोयाबीन निघालं की वर्धा जिल्ह्यातल्या शेतांत रब्बीचा हरभरा पडतो, सेलू तालुक्यात तर बोर धरणाचं पाणीही आहे. २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामासाठी केंद्रानं हरभऱ्याचा हमीभाव ५,६५० रुपये क्विंटल ठरवला होता, म्हणजे किलोला साडेछप्पन्न. दुकानात तो ८० रुपये किलोनं मिळतो असं धरलं तरी तर्री-पोह्यांच्या बशीतले पन्नास ग्रॅम कोरडे हरभरे चार रुपयांचे. भिजले, शिजले की ते दुपटीच्या घरात जातात. तेवढ्यावर तेल-तिखट, पोहे, कांदा, गॅस, पोऱ्याची मजुरी आणि जागेचं भाडं चढवा. तरी बशी पंचवीस-तीस रुपयांत देऊन हॉटेलवाल्याच्या हाती काहीतरी उरतं. आणि त्यात प्रथिनं असतात. वीस रुपयांच्या क्रीमरोलमध्ये ती फारशी सापडणार नाहीत.

म्हणून पैसे मोजके असतील तर सकाळचा नाश्ता भरपेट करावा. तर्री दुसऱ्यांदा मागायला लाजू नये. बहुतेक ठिकाणी ती अशीच वाढतात. लाल तवंग वर असला तरी रस्सा खालून घ्यायला सांगावं, हरभरे तळाशी असतात. हे सांगायला कुणाच्या सल्ल्याची गरज नाही, पण लोक तवंग बघूनच खूश होतात.

दुपारी प्रश्न थाळीचा. इथे दोन जाती: मोजकी थाळी आणि पोटभर थाळी. पोटभर थाळी ऐकायला स्वस्त वाटते, पण तिचा दर ठरवताना हॉटेलवाल्यानं सहा पोळ्या खाणारा गडी डोळ्यासमोर धरलेला असतो. दोन पोळ्या आणि थोडा भात एवढंच ज्याला लागतं, तो या थाळीत त्या गड्याच्या पोळ्यांचे पैसे भरतो. तेव्हा शेतावरून आलेल्या माणसानं पोटभर घ्यावी, कचेरीत बसणाऱ्यानं मोजकी. दोघं असाल तर थाळीच्या फंदात न पडता एक शेवभाजी किंवा पाटोडी-रस्सा घ्यावा, वरून हव्या तितक्या पोळ्या किंवा भाकरी. रस्सा पातळ असतो तो भाकर चुरून खाण्यासाठीच. हिवाळ्यात वांग्याचं भरीत असेल तर मग दुसरं काही मागूच नये.

एक गोष्ट वर्ध्याची खास. सत्तरच्या दशकापासून या जिल्ह्यात दारूबंदी आहे. चोरून काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात इथे शिरत नाही. पण हॉटेलच्या धंद्यावर या बंदीचा परिणाम दिसतो. शेजारच्या जिल्ह्यांत ‘बार अँड रेस्टॉरंट’ची पाटी असते, आणि तिथे मुख्य कमाई बाटलीवर होते, जेवण चकण्याच्या मागोमाग येतं. सेलूतल्या भोजनालयाला ही सोय नाही. त्याला भाजी-पोळीवरच जगायचंय. त्यामुळे सोबत बायका-मुलं असली तरी कुठेही निर्धास्त शिरता येतं, आणि भाजी बिघडली तर गिऱ्हाईक टिकवायला दुसरं काही नसतं. स्वस्त खाणाऱ्याच्या हे पथ्यावरच पडतं.

वेळही बघावी लागते. दुपारी बारा ते दोन या वेळात गंज भराभर रिकामे होतात, म्हणून अन्न ताजं. चार वाजता उरलेली भाजी पुन्हा गरम होते. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असते, बसायला बाकडं मिळत नाही, पण खाण्यासाठी दिवस तोच चांगला. सगळं विकलं जातं, काही मागं राहत नाही. ओस पडलेल्या हॉटेलातली स्वस्त थाळी मला कधीच स्वस्त वाटली नाही. तळणाचंही तसंच. पहिल्या घाण्याची भजी घ्यावीत. तळून तळून तेलात जी घातक द्रव्यं साठतात, ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून लागू केला. ते मोजायचं यंत्र काही आपल्या खिशात नसतं. पण काळपट, चिकट, फेसाळणारं आणि लवकर धुरावणारं तेल डोळ्यांना कळतं, आणि सेलूतल्या बहुतेक कढया रस्त्याकडे तोंड करूनच असतात.

थाळीचा रास्त दर किती, याचा एक अंदाज मिळू शकतो. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरच्या थाळीचा खर्च काढते: पोळी, भाजी, भात, वरण, दही, कोशिंबीर. गेल्या काही वर्षांत शाकाहारी थाळीचा हा आकडा साधारण पंचवीस ते पस्तीस रुपयांमध्ये फिरतोय. २०१९-२० च्या आर्थिक पाहणीत तर ‘थालीनॉमिक्स’ नावाचं अख्खं प्रकरण होतं. क्रिसिलच्या या आकड्यात शिजवणाऱ्याची मजुरी नाही, भाडं नाही, भांडी घासणारा नाही. तेव्हा ऐंशी रुपयांची थाळी बघून ‘लुटतात’ म्हणण्याआधी जरा थांबावं. उलट चाळीस रुपयांत भरगच्च थाळी मिळत असेल, तर वाचलेले पैसे कुठून आले हा प्रश्न विचारावा. तेलातून की तांदळातून?

याहून स्वस्त जेवण फक्त सरकारच देऊ शकतं, आणि त्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९९५ मध्ये युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली. केंद्रं गावोगाव उघडली. पुढे बऱ्याच ठिकाणी झुणका गेला आणि मोक्याची टपरी तेवढी राहिली. मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन आलं: तीस-तीस ग्रॅमच्या दोन पोळ्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण, दहा रुपयांत. लॉकडाऊनमध्ये ते पाच रुपयांना आणि नंतर काही काळ फुकटही मिळालं. ग्रामीण भागात या थाळीची किंमत ३५ रुपये धरली होती. जेवणाऱ्याचे दहा, सरकारचे पंचवीस. म्हणजे क्रिसिलच्या घरगुती हिशेबाच्या वरच्या टोकाला ती जेमतेम टेकते. केंद्रचालकाचं सगळं गणित त्या पंचविसावर. आणि ते पंचवीसच महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी २०२५ मध्ये राज्यभरातून आल्या. जवळपास केंद्र सुरू असेल तर जरूर जावं, पण थाळ्यांची संख्या ठरलेली असते. एक वाजता पोचणाऱ्याला अनेकदा रिकामा गंजच दिसतो.

बिलाचं थोडक्यात. साध्या हॉटेलला पाच टक्के जीएसटी लागतो, पण वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच बंधनकारक नाही. आणि नोंदणी नसलेल्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलवाल्यालाही तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. तेव्हा बिलावर जीएसटी क्रमांक नसताना कर लावला असेल तर शांतपणे विचारावं. बाटलीबंद पाण्याचा मोह टाळला तर तेवढ्याच पैशांत अर्धी प्लेट भजी येतात. मात्र पावसाळ्यात जगमधल्या पाण्यावर फार विश्वास टाकू नये, घरून बाटली भरून आणावी.

भाव वाढले की छोटी हॉटेलं दर लगेच वाढवत नाहीत, गिऱ्हाईक तुटेल याची भीती असते. आधी ताटातून वस्तू सरकतात. एप्रिल २०२२ मध्ये लिंबं महागली तेव्हा पोह्यांवरची फोड दिसेनाशी झाली. कांदा चढला की त्याच्या जागी पत्ताकोबीचा कीस येतो. तूरडाळ परवडेनाशी झाली की वरणात चणाडाळ शिरते, पोळी थोडी लहान होते. ही लबाडी नाही, तग धरण्याची रीत आहे. पण रोज तिथेच जेवणाऱ्यानं डोळा ठेवावा.

ज्याला रोजच जेवायचंय त्याच्यासाठी प्लेटमागे पैसे मोजणं हा मार्गच नाही. त्यानं मेस लावावी. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्या खानावळींचा व्यवहारही असाच महिन्याच्या हिशेबावर चाले. मेसवाल्या काकूंना माणसं किती ते आधी ठाऊक असतं, म्हणून पीठ मोजून मळलं जातं आणि नासधूस कमी होते. तो फायदा दरात उतरतो. फक्त पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: खाडे किती धरतात आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं की त्याच सकाळी चालतं, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, आणि सलग सुट्ट्यांत गावाला गेलं तर ते दिवस पुढच्या महिन्यात वळते होतात की बुडतात. दिवाळीला आठ-दहा दिवस घरी जाणाऱ्या पोरांचे पैसे सगळ्यात जास्त जातात ते या तिसऱ्या प्रश्नावरच.