हाडातून थेट दाढेच्या मुळाशी

खालची दाढ रात्रभर ठणकलेली असते. दंतवैद्य बधिर करायचं इंजेक्शन देतात, ओठ जड होतो, जीभही बधिर होते. तरी ड्रिल दाढेला टेकताच पेशंट खुर्चीत उसळतो.

वरच्या जबड्यात असं सहसा होत नाही. तिथलं हाड पातळ आणि सच्छिद्र, त्यामुळे हिरडीलगत सोडलेलं लिडोकेन हे बधिर करणारं औषध झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांभोवतीचं हाड मात्र जाड, घट्ट. म्हणून मज्जातंतू जबड्याच्या हाडात शिरतो त्या जागेजवळच औषध सोडतात. अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी 1884-85 मध्ये कोकेन वापरून ही वाट दाखवली. दाढेची नस सुजलेली असली की ही वाट अनेकदा दगा देते, कारण चिडलेले तंतू औषधाला सहजी दाद देत नाहीत.

मग हाडालाच भोक पाडलं तर?

कठीण कवचाच्या आतलं हाड स्पंजासारखं असतं. तिथे औषध पोचलं की दाढ जवळजवळ लगेच बधिर होते. ‘स्टॅबिडेंट’ या उपकरणात अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भरीव तार हँडपीसला लावतात आणि आधी बधिर केलेल्या हिरडीतून, दोन दातांच्या मधल्या हाडात काही सेकंदांत भोक पाडतात. खरी कसोटी पुढे असते. तार बाहेर काढली की तेच भोक आखूड सुईने पुन्हा शोधायचं, तेही ओल्या, रक्ताळलेल्या हिरडीत! ‘एक्स-टिप’ने यावर साधी युक्ती काढली: भोक पाडतानाच एक बारीक नळी आत बसते, ड्रिल निघतं, नळी राहते. फ्रान्सच्या ‘क्विकस्लीपर’ने दोन टप्पेच मोडीत काढले. त्यात फिरणारी सुईच भोक पाडते, आणि औषध किती वेगाने सोडायचं ते यंत्र सांभाळतं.

या वाटेला एक जोखीम आहे. हाडाचा मगज रक्तवाहिन्यांनी भरलेला. शीर सापडेना तेव्हा अत्यवस्थ मुलांना नडगीच्या हाडातून सलाईन देतात, ते याच बळावर. दाढेपाशी सोडलेल्या औषधातलं अ‍ॅड्रेनलिनही तसंच झटकन रक्तात उतरतं आणि अनेकांच्या छातीत काही मिनिटं धडधड होते. पेशंटला आधी सांगितलेलं नसेल, तर तो घाबरणारच. अ‍ॅड्रेनलिनविना मेपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध दिलं तर धडधड टळते. पण बधिरपणाही लवकर ओसरतो, आणि अर्ध्यावर आलेल्या रूट कॅनालमध्ये ते परवडत नाही.