अंगणातला अनार आणि शेजाऱ्याची बाग

उर्दू शाळेतली मुले 'अलिफ से अनार' म्हणत पहिले अक्षर गिरवतात. कुरआनात या फळाचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. सूरह रहमानमध्ये तर जन्नतच्या बागांच्या वर्णनात. म्हणूनच की काय, परभणीकडे वुजूचे पाणी जिथे वाहून जाते तिथे डाळिंबाचे एखादे झाड अनेक घरी दिसते. पावसाळ्यात मात्र त्याची फळे काळवंडतात, तडकतात आणि 'नजर लागली' म्हणून विषय संपतो. नजर कसली, बहुतेकदा तो तेल्या असतो.

तेल्या हा जिवाणूंचा रोग. आधी पानांवर तेलकट ठिपके येतात, मग ते काळपट होतात. फळावरच्या डागांना भेगा पडतात. पावसाचे उडणारे थेंब, वारा, कात्री आणि रोगट रोप यांच्यातून तो पसरतो. फळावर एकदा आला की ते फळ औषधाने बरे होत नाही. आपली दहा फळे गेली तर फारसे बिघडत नाही, पण पलीकडे कुणी कर्ज काढून डाळिंबाची बाग लावली असेल तर त्याचे वर्षाचे उत्पन्न जाऊ शकते. शेजाऱ्याचा हक्क इथेही येतो.

म्हणून डागाळलेली फळे आणि गळालेली पाने उकिरड्यावर टाकू नका. खोल पुरा किंवा जाळा. आणि अशा झाडाची फांदी कुणाला लावायला देऊ नका. पाहुण्यांना प्रेमाने दिलेल्या फांदीबरोबर रोगही दुसऱ्या गावी जातो. नवे रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे.

छाटणी फळे काढल्यावर, कोरड्या हवेत करावी. बुंध्यापासून तीन-चार खोडे ठेवून जमिनीतून येणारे फुटवे आणि सरळ वाढणारे पाणसोट काढावेत, म्हणजे आत ऊन-वारा खेळतो. रोगट फांदी डागाच्या खाली दोन इंच कापावी. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. कंटाळा येतो, पण हेच मुख्य काम आहे. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करावा. मोरचूद विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा.

फळाला भोक आणि भोकाशी विष्ठा दिसली तर ती फळ पोखरणारी अळी. तिचे फुलपाखरू फुलांवर आणि कोवळ्या फळांवर अंडी घालते. फळ लिंबाएवढे झाले की त्याला जुन्या मलमलच्या ओढणीची पिशवी बांधावी. अंगणात मुले खेळतात, कोंबड्या फिरतात. तिथे जहाल फवारणीपेक्षा ही पिशवी बरी. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावी.

ओळख पटत नसेल तर रोगट पान-फळ बंद पिशवीत घालून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दाखवावे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. पिशवी वाटेत, विशेषतः कुणाच्या बागेजवळ, उघडू नये.